दीड हजारात नंबरचा गॉगल: चौथीतल्या मुलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं आहे. कुटुंबाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. नंबर, भाव आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी पेठेतल्या एका लहानशा चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर तपासणं आणि तयार चष्मा डोळ्यांवर नीट बसतोय ना हे पाहणं, हे माझं काम.

मुलगा चौथीत, घर धायरीला. वडील नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये, आई पतसंस्थेत आणि घरात आजी. पहिला चष्मा दुसरीत लागला. आमच्याकडे आले तेव्हा शेवटचा नंबर सव्वा वर्षापूर्वीचा होता: उजवा डोळा उणे २.००, त्यावर सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेने लावायचा वेगळा नंबर, उणे १.००, डावा उणे १.७५, सिलिंडर उणे ०.७५.

होळीच्या सुमाराला त्याचे डोळे लाल व्हायचे, खाज सुटायची, सकाळी पापण्यांत तार धरणारा चिकट स्राव असायचा. दोन उन्हाळे घरच्यांनी हे ‘धुळीमुळे’ म्हणून काढले. तिसऱ्या वर्षी उजेडच सहन होईना. शाळेच्या फाटकातून बाहेर पडला की कपाळावर हात आणि डोळे बारीक. नेत्रतज्ज्ञांनी पापण्या उलटवून पाहिल्या आणि निदान केलं. डॉक्टरमंडळी याला ‘स्प्रिंग कटार’ किंवा ‘व्हीकेसी’ म्हणतात. ही डोळ्यांची ॲलर्जी उष्ण, कोरड्या हवेत जास्त दिसते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि बहुतेकांची वयात येताना आपोआप ओसरते. पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस तिला अगदी मानवतात.

उपचार नेहमीचेच होते: ॲलर्जीचे थेंब, गार पाण्याच्या पट्ट्या, आणि डोळे अजिबात चोळायचे नाहीत. शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची, कारण सतत चोळण्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे यायचा धोका असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि तो सुरू झाला की सिलिंडर नंबर भराभर वाढतो. चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ होती: ‘उन्हात टोपी व काळा चष्मा वापरावा.’

कोणता काळा चष्मा, किती काळा, नंबरचा की बिननंबरचा, याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं. बहुतेक चिठ्ठ्यांत नसतंच.

अडचण

आई मार्चच्या अखेरीस आली. मागणी सरळ होती. “दादा, ह्याला नंबरचा गॉगल करून द्या. दीड हजाराच्या आत बसवा. पंधरा एप्रिलला क्रिकेटचं शिबिर सुरू होतंय.”

मुलाकडे एक गॉगल आधीच होता, फर्ग्युसन रोडवरून घेतलेला दीडशेचा. चष्मा काढून तो घातला की चेंडू दिसत नसे, आणि चष्म्यावरून घातला की घसरून नाकाच्या शेंड्यावर येई. दोन दिवसांत तो दप्तराच्या तळाशी गेला.

तो गॉगल मी आमच्या यूव्ही मीटरवर, म्हणजे काच अतिनील किरण किती अडवते हे दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवून पाहिला. मीटरने तो पास केला. हे मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावरचा गॉगल म्हणजे डोळ्यांची माती असं सरसकट बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि दुकानदारांना ती सोयीची पडते. साध्या प्लास्टिकच्या काचाही पुष्कळदा अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतात. मात्र कोणता तुकडा अडवतो आणि कोणता नाही, हे नुसतं पाहून कळत नाही. काच गडद आहे म्हणून किरण अडतात असं नसतं. उलट गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. लहान मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंगही मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण आत सोडतं. या मुलाच्या गॉगलची खोट मात्र वेगळीच होती: त्यात नंबर नव्हता, आणि काच इतकी लहरी होती की तिच्यातून दाराची चौकट पाहिली तर वाकडी दिसे.

खरा गुंता चार गोष्टींचा होता. नंबर जुना होता. ॲलर्जी भरात असताना काढलेला नवा नंबर भरवशाचा असेलच असं नाही. मुलगा क्रिकेट खेळणार, म्हणजे तोंडावर चेंडू बसू शकतो. आणि पैसे ठरलेले. पाचवी गोष्ट दुकानात आली नव्हती, ती घरी होती. आजींचं म्हणणं होतं, “एवढ्याशा पोराला गॉगल कशाला? उद्या वर्गात हिरो हिरो म्हणून चिडवतील.” पोरालाही हीच भीती होती. आईने हे हसत सांगितलं. मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही. मूल घालणारच नसेल तर दीडशेचा गॉगलही महागच.

आधी गॉगल की आधी नंबर

पहिला निर्णय आईला आवडला नाही. जुन्या नंबरावर गॉगल करून द्यायला मी नकार दिला.

तिचं बरोबर होतं अशीही एक बाजू आहे. त्याच नंबराचा चष्मा तो रोज घालत होता, फळ्यावरचं वाचत होता, मग गॉगलपुरता तो का चालू नये? उत्तर सिलिंडरमध्ये होतं. दुकानात मी सहज तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याचा सिलिंडर उणे १.५० च्या आसपास येत होता. जे मूल डोळे चोळतं त्याच्यात सव्वा वर्षात अर्धा नंबर सिलिंडर वाढणं हा नुसता चष्मा बदलायचा विषय नसतो. शिवाय ज्या दिवशी डोळे सुजलेले आणि पाणावलेले, त्या दिवशीचा आकडा मी स्वतःच धरत नाही.

म्हणून त्यांना परत नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, दोन विनंत्यांसह: डोळे थोडे निवल्यावर थेंब घालून बाहुली मोठी करून नंबर काढावा, आणि पडद्याचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, करावी की नाही हे त्यांनी ठरवावं. मुलांचा नंबर थेंब न घालता काढला तर मूल नकळत डोळ्यावर ताण देऊन खोटा उणे नंबर दाखवतं, त्यामुळे हा आग्रह.

तोवर काय करायचं? घेर मोठा असलेली कापडी टोपी. क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी वरचं ऊन अडवते, बाजूचं नाही. गोल घेराची दोन्ही अडवते. तुळशीबागेत ती शंभर-सव्वाशेला मिळाली.

दहा-बारा दिवसांनी निकाल आला. टोपोग्राफी स्वच्छ होती, केराटोकोनसची चिन्हं नव्हती. थेंब घालून काढलेला नंबर: उजवा उणे २.२५, सिलिंडर उणे १.२५, डावा उणे २.००, सिलिंडर उणे ०.७५. म्हणजे दुकानात दिसलेला वाढीव सिलिंडर निम्मा त्या दिवशीच्या सुजेचा होता. मार्चमध्ये तोच धरून काचा कापल्या असत्या तर एप्रिलमध्ये त्या चुकीच्या ठरल्या असत्या.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यामुळे पुढचं गणित सुटलं: रोजचा चष्मा जूनपर्यंत आहे तोच चालेल, शाळा सुरू होताना परत पाहू. त्यामुळे दीड हजारातला एकही रुपया रोजच्या चष्म्यावर घालायची गरज उरली नाही.

शिबिराला पाठवायचं की नाही

दरम्यान घरात दुसराच वाद चालला होता. वडील म्हणत होते, शिबिरच रद्द करू, पोरगा घरात बसेल, गॉगलचा खर्चही नको.

माझं मत विचारलं तेव्हा मी विरोध केला. लहान वयात उणे नंबर वाढत असलेल्या मुलाला घरात कोंडणं हा महागातला उपाय आहे. दिवसाकाठी सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांत उणे नंबर लागण्याचं प्रमाण कमी दिसतं, म्हणून डॉक्टर हल्ली मुलांना बाहेर पाठवा असंच सांगतात. वडिलांची पुढची शंका रास्त होती: मग गॉगल घालून उजेडाचा फायदा जाणार नाही का? घरात दिव्याखाली तीनशे ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. भर उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. गॉगलने त्यातला तीन चतुर्थांश अडवला तरी डोळ्यापर्यंत घरातल्यापेक्षा कित्येक पट उजेड पोचतो.

यातून फुकटचा उपाय निघाला. शिबिराच्या दोन तुकड्या होत्या, संध्याकाळी चार ते सहा आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ. मुलाचं नाव संध्याकाळी घातलं होतं, कारण आईला सकाळी डबे असतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मेच्या मध्यावर तर शून्य सावलीचा दिवस येतो. चार वाजताही उन्हाचा मारा बराच असतो आणि वारा सुटून मैदानाची माती उडते. सकाळी किरण सौम्य, मैदानावर पाणी मारलेलं, धूळ कमी. वडील वर्कशॉपला जाताना सोडणार आणि आजी रिक्षाने आणणार, अशी वाटणी झाली.

सकाळच्या तुकडीने गॉगलची गरज मात्र संपत नाही. सकाळचं ऊन तिरपं येतं, टोपीच्या खालून थेट डोळ्यात. त्याची तीव्रता कमी, पण उजेड सहन न होणाऱ्या मुलाला त्रास तोच.

कोणते पर्याय होते

क्लिप-ऑन, म्हणजे चष्म्यावर चिमट्याने लावायच्या काळ्या काचा, साडेतीनशेला होत्या. स्वस्त, आणि नंबर बदलला तरी वाया न जाणाऱ्या. पण तयार क्लिप मोठ्यांच्या फ्रेमच्या मापाच्या मिळतात. मुलाच्या फ्रेमवर लावल्यावर त्या गालाला टेकत होत्या. धावताना उडणार, चिमट्याने रोजच्या काचांवर ओरखडे पडणार. शांतपणे बसून चित्र काढणाऱ्या मुलाला मी कदाचित हेच दिलं असतं.

फोटोक्रोमॅटिक काचा, ज्यांना अजून बरेच जण फोटोग्रे म्हणतात, साधारण बावीसशे. उन्हात काळ्या, सावलीत पांढऱ्या, एकच चष्मा. बहुतेक आईवडिलांचा ओढा इकडेच असतो आणि या आईचाही होता. दोन गोष्टी तिला सांगितल्या. एक, या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात पण उष्णतेने त्यांचा काळेपणा घटतो. थंडीत महाबळेश्वरला त्या जेवढ्या गडद होतील तेवढ्या मेमध्ये पुण्याच्या मैदानावर होणार नाहीत. दोन, आत आल्यावर पांढऱ्या व्हायला त्या काही मिनिटं घेतात. पण हरकतीचं खरं कारण तिसरं होतं: त्यासाठी रोजच्या चष्म्याच्या काचाच बदलाव्या लागल्या असत्या, आणि तो चष्मा तर जूनपर्यंत चालणार होता.

चेहऱ्याला वळसा घालणारा खेळाडूंचा गॉगल मुलाला सगळ्यात आवडला होता. धूळ अडवायला तो खरंच उत्तम. पण इतक्या वळणदार फ्रेममध्ये सिलिंडर नंबराची काच बसवायची तर वळणाचा हिशेब करून काच खास घडवावी लागते. तो हिशेब न करता बसवली की कडेचं जग वाकतं आणि मूल ‘चक्कर येते’ म्हणतं. नीट करायचं तर खर्च बजेटच्या तिप्पट जात होता. हा पर्याय लवकर सुटला.

उरला साधा मार्ग: सरळ, पूर्ण कडेची प्लास्टिकची फ्रेम आणि तिच्यात टिंट केलेल्या, म्हणजे रंगवून काळपट केलेल्या, नंबरच्या काचा. काचांचा भाव दोन प्रकारांत होता. साध्या फायबरच्या, म्हणजे चष्म्याच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या, टिंट आणि यूव्हीसह साडेसातशे, पॉलिकार्बोनेटच्या साडेतेराशे. फ्रेम साडेपाचशेपासून पुढे.

फायबर की पॉली

या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त वेळ लागलेला निर्णय हा.

फायबर लेन्स गरम रंगाच्या पाण्यात बुडवली की रंग छान पिते. हवी ती छटा, हवी तितकी गडद, ऐंशी टक्क्यांपर्यंत सहज. पॉलिकार्बोनेट रंग पीत नाही. वरच्या थरात जेवढा मुरेल तेवढाच. आमच्या लॅबने साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढची हमी दिली नाही. उलट पॉली मुळातच जवळपास सगळे अतिनील किरण अडवते, वेगळा थर लागत नाही, आणि मुख्य म्हणजे चेंडू बसला तरी सहसा फुटत नाही. फायबर फुटू शकते, आणि तुकडे डोळ्यापासून दोन बोटांवर असतात.

म्हणजे एका बाजूला गडदपणा आणि सहाशे रुपयांची बचत, दुसऱ्या बाजूला न फुटणारी काच. डॉक्टरांनी काळा चष्मा उजेड कमी करायला सांगितला होता. मग कमी काळा देऊन आपण सूचनाच मोडतोय का?

इथे टक्क्यांचा घोळ समजून घ्यावा लागतो. दुकानात ‘साठ टक्के टिंट’ म्हणजे साठ टक्के उजेड अडतो, चाळीस आत येतो. आंतरराष्ट्रीय मापात गॉगलच्या शून्य ते चार अशा श्रेणी आहेत: १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडणारा गॉगल दुसऱ्या श्रेणीत, ८ ते १८ टक्के सोडणारा तिसऱ्या. भर दुपारी तिसरी श्रेणी बरी. सकाळी साडेसहा ते साडेआठ, घेराच्या टोपीखाली, दुसरी पुरेशी. तुकडी बदलली नसती तर हा निर्णय इतका सोपा गेला नसता.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी होकार दिला. अंतिम शब्द वडिलांचा होता. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरसमोर ते स्वतः पॉलीचाच चष्मा घालतात, त्यामुळे त्यांना समजावण्यात वेळ गेला नाही.

रंग मुलाने ठरवला. नमुन्याच्या काचा घेऊन आम्ही फुटपाथवर उन्हात उभे राहिलो, मी पिवळा टेनिस बॉल उडवत राहिलो. राखाडीत रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीत उठाव येतो. त्याला तपकिरीतून चेंडू लवकर दिसत होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली टिंट निवडण्यात काही अर्थ नाही, पण निवडतात सगळे तिथेच. शिवाय स्वतः निवडलेला रंग मूल घालतं.

काय गाळलं तेही सांगतो. अँटिग्लेअर गाळलं. पोलराइज्ड गाळलं, ते रस्त्यावरच्या आणि पाण्यावरच्या चकाकीला फार चांगलं, पण इथे त्याने खर्च दुप्पट होत होता. आणि ‘ब्लू कट’, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, हा तर विषयच नव्हता. दुसऱ्या एका दुकानात त्यांना निळी टॉर्च काचेवर मारून ‘बघा, यूव्ही अडला’ असं दाखवलं होतं. त्या टॉर्चचा प्रकाश डोळ्याला जांभळा-निळा दिसतो, यावरूनच कळावं की ती चाचणी मुख्यतः दिसणाऱ्या प्रकाशाची आहे. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडणं. ते पाहायला मीटर लागतो, आणि बऱ्याच दुकानांत तो असतो. मागितला तर दाखवतात.

फ्रेम घरातूनच निघाली

साडेतेराशेच्या काचा आणि साडेपाचशेची फ्रेम म्हणजे एकोणीसशे. चारशे वर जात होते. आई म्हणाली, मग फायबरच करू.

मी विचारलं, घरात जुनी फ्रेम आहे का? पहिल्या चष्म्याची होती, पण ती धातूची आणि कानामागे रुतणारी. मग आजींना आठवलं की मागच्या चष्म्यासोबत एकावर एक फुकट म्हणून दुसरा चष्मा आला होता. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून जरा मोठाच घेतलेला, मोठा म्हणून कधी न घातलेला, देवघराशेजारच्या कपाटात डबीसकट पडून असलेला. संध्याकाळी आजी स्वतःच तो घेऊन दुकानात आल्या.

काडीच्या आतल्या बाजूला ४८-१७-१३० छापलेलं होतं, म्हणजे काचेची रुंदी ४८ मिलिमीटर, नाकावरचा पूल १७, काडी १३०. मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, ५५ भरलं. सव्वा वर्षात चेहरा भरला होता आणि फ्रेम आता बरोबर बसत होती. पूर्ण कडेची, लवचीक प्लास्टिकची. गॉगलला थोडी मोठी फ्रेम चांगलीच, बाजूने कमी ऊन येतं.

ग्राहकाच्या फ्रेममध्ये काचा बसवायला दुकानं नाखूश असतात. फ्रेम तडकली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येतो, आणि फ्रेमवरचा नफा जातो हेही खरं. आमच्या मालकांनी ‘तुमच्या जबाबदारीवर’ असं बिलावर लिहून होकार दिला. काचा १,३५०, फिटिंग १००, डोक्यामागे अडकवायचा इलॅस्टिक पट्टा ६०. एकूण १,५१०.

ऑर्डर आणि पहिला आठवडा

काचा लॅबमधून आल्या तेव्हा उजवी डावीपेक्षा किंचित लालसर होती. पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्याशिवाय कळलं नसतं. दोन्ही काचा एकाच वेळी रंगवल्या नाहीत की असं होतं. परत पाठवल्या, आणि शिबिराचे पहिले काही दिवस टोपीवरच गेले.

दुसऱ्या खेपेला छटा जुळली. लेन्सोमीटरवर नंबर आणि सिलिंडरची दिशा तपासली, मीटरवर यूव्ही तपासलं, मुलाला जिना चढायला-उतरायला लावला. पायऱ्या नीट दिसतात म्हणाला. आईला दोन सूचना दिल्या: दिवेलागणीनंतर गॉगल नाही, आणि गाडीवर मागे बसताना साधा चष्मा बरोबर असू दे.

चिडवण्याचं काय झालं? शिबिरात कोणी चिडवलं नाही. प्रशिक्षक स्वतः गॉगल लावत असत. शाळेत मात्र वार्षिक परीक्षेच्या दिवसांत बाईंनी तो काढायला लावला. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स दिल्यावर मैदानापुरती परवानगी मिळाली, आणि तेवढीच हवी होती.

परिणाम

मेअखेरीस डोळ्यांची लाली बरीच उतरली होती. मुलगा उन्हात डोळे उघडे ठेवत होता आणि चोळणं कमी झालं होतं. याचं श्रेय गॉगलला किती? बहुतेक थेंबांना, थोडं सकाळच्या तुकडीला. काचेने धूळ आणि वारा अडवला, आणि गॉगल डोळ्यावर असताना हात डोळ्यापर्यंत सहज पोचत नव्हता, एवढं आईचं निरीक्षण. हे वेगवेगळं मोजता येत नाही.

मेच्या मध्यात शेजारच्या एकाने ‘माझ्या मुलाला यानेच बरं वाटलं’ म्हणून एक थेंबांची बाटली दिली होती. आईने ती वापरण्याआधी दाखवायला आणली. स्टेरॉइड होतं. व्हीकेसीत डॉक्टर ते देतात, पण मोजून आणि डोळ्याचा दाब तपासत. मनाने महिनोन्महिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. बाटली परत गेली. गॉगलच्या निमित्ताने हे कुटुंब विचारायला येत राहिलं, त्याचा हा न ठरवलेला फायदा.

एक नुकसान झालं. गॉगल एक-दोनदा दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिला. उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते, आणि काचेवरच्या थराला केसासारख्या बारीक चिरा पडल्या. कडेला असल्यामुळे दिसण्यात अडथळा आला नाही. चेंडू काचेवर एकदाच बसला, टेनिसचाच. काच शाबूत, नाकावर थोडं खरचटलं.

जूनमध्ये रोजचा चष्मा नव्या नंबराचा झाला आणि गॉगल पावसाळ्यासाठी कपाटात गेला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळी धावपळ मार्च-एप्रिलमध्ये झाली, आणि ॲलर्जी, वार्षिक परीक्षा, शिबिर आणि लॅबमधली उन्हाळी गर्दी सगळं याच काळात येतं. व्हीकेसी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते हे तिसऱ्या वर्षी तरी माहीत असतं. जानेवारीत डोळे शांत असताना नंबर निघाला असता तर थांबावं लागलं नसतं, आणि काचा परत पाठवूनही पहिल्या दिवशी गॉगल हातात असता.

चिठ्ठीवरच्या त्या एका ओळीत ‘नंबरचा, यूव्ही ४००, न फुटणाऱ्या काचेचा’ एवढं असतं तर आईचं निम्मं फिरणं वाचलं असतं. डॉक्टरांकडे वेळ नसतो हे मान्य. पण पालकांनी तिथेच उभ्या उभ्या विचारायला हरकत नाही: किती वाजता वापरायचा, खेळताना का, आणि नंबर आत्ता पक्का धरायचा का.

छटेबाबत मी आता लॅबच्या चिठ्ठीवर ‘जोडी एकत्र रंगवणे’ असं लिहितो.

एका मुद्द्यावर माझ्या सहकाऱ्याचं आणि माझं अजून जमत नाही. त्याचं म्हणणं, मुलगा टेनिस बॉलनेच खेळत होता, तेव्हा फायबरच्या काचा चालल्या असत्या; ऐंशी टक्के गडद मिळाला असता आणि राहिलेल्या सहाशेत रोजच्या चष्म्याच्या काचांना हातभार लागला असता. जे मूल खेळत नाही, नुसतं शाळेत जातं-येतं, त्याच्यासाठी मी हे मान्य करतो. खेळणाऱ्या मुलासाठी नाही.

यंदा ते फेब्रुवारीतच येऊन गेले. नंबर उजव्या डोळ्यात उणे २.७५ झाला आहे, सिलिंडर हललेला नाही. तीच फ्रेम अजून बसते, बहुधा हा शेवटचा उन्हाळा. फक्त काचा बदलायच्या आहेत. आता तो सीझन बॉलने खेळायला लागला आहे, त्यामुळे फायबर-पॉलीचा प्रश्नच निघाला नाही. फलंदाजी करताना जाळीचं हेल्मेट हवंच, आणि त्याच्या आत ही फ्रेम मावते का हे पाहायला पुढच्या शनिवारी हेल्मेट घेऊन यायला सांगितलं आहे.